नवी गाडी सुरू करू नकोस

धाकट्या,

गाडी सुरू करू नकोस. सकाळी बाबांनी हौसेने तिचं तेल बदललं, पण आत जुन्या ट्रकचं जाड तेल ओतलंय. फिल्टरही फडताळात पडलेला कुठलातरी बसवलाय. नव्या गाडीच्या टर्बो इंजिनाला असलं चालत नाही, हे गॅरेजात पोरांना ओरडून सांगणारे तेच. बोटांवर थेंब चोळून तेलाचं वय सांगायचे रे!

शोरूमवाल्याला घरी बोलाव. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच पातळ सिंथेटिक तेल आणि कंपनीचा फिल्टर घालून घे. बाबांसमोर अवाक्षर काढू नकोस.

आम्ही डॉक्टरांकडे चाललोय. जेवण झाकून ठेवलंय.

आत्ता चपला घालताना बाबा मला म्हणाले, "ताई, तुमची गाडी संध्याकाळी मिळेल."

मी बरं म्हटलं.

आई