पटावरचं एक नाव

चि. हेमांगीस,

हे पत्र तुला टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते. पट घटला, अर्नाळ्याच्या आपल्या शाळेतलं एक पद गेलं आणि धाकटी म्हणून तुझी बदली झाली. मला वाटलं, आता मुलं माझी.

काल साहेब तपासणीला आले. पोरांनी बेचा पाढा धडाधड म्हटला. "कोणी शिकवला?"

"हेमांगीबाईंनी! दोरीवर बोंबलांच्या जोड्या टांगता टांगता!"

मी शेजारीच उभी होते ग, चहाचा ट्रे घेऊन. साहेब म्हणाले, "पट वाढवा, त्यांना परत आणू."

आज पटनोंदणीला निघाले. पहिल्याच दारात कमळी म्हणाली, "बाई, माज्या पोरीचा नाव लिवा ना."

म्हटलं, "लहान आहे अजून. पुढच्या वर्षी बघू."

पोरगी माझ्याकडे बघून हसली. पुढचे दोन्ही दुधाचे दात पडलेले.

तुझीच,
विनयाताई