फिरत्या गल्लीची खीळ

न्यूयॉर्क, ४ मार्च १९३५

ती. बाबांना,
मेविसचा शि. सा. न. वि. वि.

ऑल्वेन आत्याने पाठवलेला मनुक्यांचा ब्रेड पोचला. स्टुडिओतल्या रंग भरणाऱ्या मुलींनी तो तासाभरात संपवला.

कामाचं सांगते. आमच्या कार्टूनमध्ये टपालवाला बोकड गल्लीतून चालत जातो. आजवर मागची गल्ली लांब कागदावर रंगवून सरकवत असत. ती भिंतीला चिकटवल्यासारखी सपाट दिसे. म्हणून मी पुठ्ठ्याची आणि प्लॅस्टरची गल्ली केली आहे, पुढे दिव्याचा खांब, मग दुकानं आणि घरं, पार मागे चर्च, सगळं जेवणाच्या टेबलाएवढ्या गोल फळीवर. फळी मधोमध खिळीवर फिरते. तिच्यापुढे काचेत धरलेला, पारदर्शक पानावर काढलेला बोकड, आणि त्याच्यापुढे कॅमेरा. एक चित्र टिपायचं, फळी केसभर फिरवायची, बोकडाचं पुढचं पान लावायचं.

शुक्रवारी चाचणी पडद्यावर पाहिली. स्टुडिओचे मालक लिंडावरसाहेब म्हणाले, ही गल्ली नव्हे, बेकरीच्या खिडकीत फिरणारा केक आहे. बावीस तारखेपर्यंत जमलं नाही तर पुन्हा रंगवलेला कागद, आणि मग घरं बनवणाऱ्या बाईला इथे काम नाही. घरं तर मी पट्टी लावून बिनचूक केली आहेत. तुम्ही तीस वर्षं नाटकांचे पडदे रंगवलेत. काही सुचतं का?

उरलेल्या डोळ्याला जपा. माया आहे तशी राहू द्या.

तुमची मेविस


स्क्रॅंटन, ७ मार्च

चि. मेविस हिस,
अनेक आशीर्वाद.

मी सपाट कापडावर डोंगर उभे केले, आणि त्यातला एकही मला फिरवावा लागला नाही. तुम्ही खरी घरं बांधता आणि ती खोटी दिसतात, हे मात्र नवीन ऐकलं. असो. पट्टी ठेवून दे. लांबची घरं लहान कर, जमीन मागे चढती ठेव. रंगमंचावर आम्ही हेच करायचो. शिकवलं होतं, पण तेव्हा तुझं लक्ष रंगाच्या डब्यात मांजर बुडवण्याकडे होतं.

ऑल्वेन तुला आठवण सांगते.

तुझा बाबा


न्यूयॉर्क, १२ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलंत तसं केलं. फळी थांबलेली असताना गल्ली खोल दिसते, फिरली की पुन्हा केक. साहेब आता येता-जाता विचारतात, आज कुठला स्वाद आहे. काल मी टोप्यांच्या एका दुकानात नोकरीची चौकशी करून आले. मांजर डब्यात स्वतः पडलं होतं.

मेविस


स्क्रॅंटन, १५ मार्च

चि. मेविस हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राचा एक दिवस राग आला होता. दुसऱ्या दिवशी ओट्यावर जाऊन बसलो.

डोळा गेल्यापासून मी चहा कपाबाहेर ओततो, हे ऑल्वेनने तुला लिहिलंच असेल. एका डोळ्याला जवळचं-लांबचं कळत नाही. म्हणून मी मान थोडी डावीउजवीकडे हलवून बघतो. तुझ्या कॅमेऱ्यालाही एकच डोळा ना? म्हणून काल नीट पाहिलं. चर्चच्या मनोऱ्यावर नजर ठेवून मान हलवली की आमच्या ओट्याचा खांब धावतो, समोरचं कुंपण त्याहून कमी सरकतं, मनोरा जागचा हलत नाही. तासभर हेच केलं. समोरच्या प्यूबाईंना वाटलं, मी त्यांना नको-नको म्हणतो आहे. त्या आता बोलत नाहीत.

पण मनोऱ्यापर्यंतची एकही वस्तू उलट्या दिशेला गेली नाही. तुझी खीळ मधोमध. तिच्या पुढची घरं डावीकडे गेली की मागची उजवीकडे जाणारच. गल्लीत असं कुठे होतं? गोल फळीला मध्येच भोक पाडायचं हे तुला कोणी सांगितलं? खीळ पार मागे ने, तुझ्या चर्चच्या खाली.

आधीचा सल्ला अर्धाच होता. नाटकात प्रेक्षक जागेवरून हलत नसे, त्यामुळे मला पुढचं कधी बघावंच लागलं नाही.

त्या टोप्या इतक्यात दुकानातच असू देत.

तुझा बाबा


न्यूयॉर्क, २३ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आमच्या सुताराने, लुंडक्विस्टने, कडेला भोक पाडायला आधी साफ नकार दिला. चाळीस वर्षांत असलं वेडं टेबल केलं नाही म्हणाला. शेवटी फळी कापून केकच्या त्रिकोणी तुकड्यासारखी केली आणि टोकाला, चर्चखाली, खीळ बसवली. एकशे ब्याण्णव चित्रं, म्हणजे पडद्यावर आठ सेकंद. तीन दिवस मी कोणाला त्या खोलीत शिंकूसुद्धा दिलं नाही.

काल साहेबांनी ते दोनदा पाहिलं. मग बोकडाची दाढी जरा लांब करा म्हणाले, आणि जाताना मला सांगितलं की पुढच्या कार्टूनमध्ये बंदर आहे, तर होड्यांना लागा.

मी राहिले, बाबा. प्यूबाईंना माझ्या वतीने समजवा.

तुमची मेविस


स्क्रॅंटन, १९ मे

चि. मेविस हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा बोकड काल इथल्या थिएटरात लागला. ऑल्वेन आणि मी पुढच्याच रांगेत बसलो. खांब धावला, दुकानं मागोमाग सरकली, चर्च थांबलं. मी मान अजिबात हलवली नव्हती. लोक बोकडाच्या दाढीला हसत होते.

बाहेर पडताना मला राहवेना. तिकिटं देणाऱ्या बाईला सांगितलं की ती गल्ली माझ्या मुलीने बनवली आहे. तिने विचारलं, कुठली गल्ली? बोकड आपल्या रस्त्याने चालला होता, एवढंच तिने पाहिलं होतं.

घरी येईपर्यंत ऑल्वेन तिच्यावर चिडलेली होती. मी नव्हतो; केक असता तर तिच्या लक्षात आला असता. होड्या कुठवर आल्या ते कळव.

तुझा बाबा