घरचं कोण बघणार

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, म्हणजे माझे गुडघे सोडून. तुझे मोठे दीर वर्तमानपत्र संपवून आता जाहिराती वाचताहेत. आईंचा खोकला कमी झाला का? फोनच करणार होते, पण फोनवर तू "जाऊ द्या हो वहिनी" म्हणून मोकळी होतेस. पत्र लिहिलं की मला शेवटपर्यंत बोलता येतं.

तुला कळलंच असेल, आपल्या वॉर्डाचं तिकीट पक्षाच्या निवड समितीनं औषधवाल्याला दिलं. माणूस वाईट नाही. पण जुनी पाइपलाइन बदलून घ्यायला दोन वर्षं पालिकेत खेटे तू घातलेस. कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे हे पालिकेची माणसं अजून तुलाच विचारायला येतात. समितीतल्या सातही जणांना हे माहीत आहे.

"समितीनं" असं वर लिहिलं खरं. नीट सांगते.

मुलाखतीत तुला घरच्या अडचणींबद्दल विचारलं गेलं. म्हणजे मीच विचारलं. तू आत येण्याआधी आमचे अध्यक्ष, वकीलसाहेब, हळूच म्हणाले, "बाई, घरचं तेवढं तुम्ही विचारा. आम्ही विचारलं तर बरं दिसत नाही." हे ते दर निवडणुकीला म्हणतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर मला समितीत घेतलं, तेव्हा वाटलं होतं, मुख्याध्यापिकेच्या अनुभवाची कदर झाली. तीन निवडणुकांत मी अकरा बायकांना हाच प्रश्न विचारलाय. कोणाचं मूल लहान, कोणाचा नवरा फिरतीवर. प्रत्येक बाई "बघू, करू काहीतरी" म्हणते, आणि ती उठून गेली की तेच तिच्या विरोधात जातं. बायका पुढेच येत नाहीत, असं वकीलसाहेब मग भाषणात सांगतात. मी टाळ्या वाजवते.

औषधवाल्याचे वडील वर्षभर अंथरुणाला खिळलेत. त्याला आम्ही विचारलं, प्रचाराला गाड्या किती लागतील.

तुला मात्र मी विचारलं, "घरी सासूबाई अंथरुणावर आहेत. निवडून आलात तर त्यांचं कोण बघणार?" वर "आलात" म्हणाले, परकं माणूस असल्यासारखं. तू काही बोलली नाहीस. नुसतं माझ्याकडे पाहिलंस. बाकीच्यांना वाटलं, तू अडखळलीस. मीही इतिवृत्तात तसंच लिहिलं, सुवाच्य अक्षरात: "उमेदवारास समाधानकारक उत्तर देता आले नाही."

तुला उत्तर येत होतं. ते समोरच बसलं होतं, टेबलाच्या पलीकडे, चष्मा पुसत. आईंना दोन मुलगे आणि दोन सुना आहेत. तू सहा वर्षं त्यांची कूस बदलतेस, अंग पुसतेस. मी रविवारी फळं घेऊन येते, अर्धा तास बसते आणि दमले म्हणून तुझ्याच हातचा चहा पिते.

मतदान चार विरुद्ध तीन झालं. तुला तीन. तू निवडून आलीस तर आई माझ्याकडे येतील, हे मला लख्ख दिसत होतं. मी औषधवाल्यासाठी हात वर केला, तो पाइपलाइनचा विचार करून नाही. घाबरून केला. मला स्वतःची लाज वाटते, आणि ती कोणाला सांगायची तर तुलाच.

फेरविचाराच्या अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत आहे आणि अर्ज उमेदवारालाच द्यावा लागतो. माझं मत मी काल लेखी मागे घेतलं, कारणासकट. वकीलसाहेबांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "ते ठीक आहे बाई, पण घरचं?" मी म्हटलं, "मी बघणार आहे." त्यांनी कागद फाइलला लावला.

पुढची खोली रिकामी केली आहे. पलंग भिंतीपासून ओढून घेतला, दोन्ही बाजूंनी हात पोचावा म्हणून. बुधवारी आईंना घेऊन ये. मला त्यांना उठवून बसवता येत नाही. शिकवावं लागेल, आणि मी शिकायला फार हळू आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

मला इतक्यात माफ करू नकोस. माफ केलंस की तू पुन्हा "जाऊ द्या" म्हणशील आणि शुक्रवार निघून जाईल. आधी अर्ज दे.

तुझ्या विरोधात चौथं मत देणारी,
तुझी मोठी जाऊ