पानांच्या माणसाचा सिनेमा

माय, सकाळपासून तिसऱ्यांदा लिहायला बसले आहे. दोन ओळी होतात, की उठते, घरभर फिरते, परत येते. तुला तो पानांच्या माणसाचा सिनेमा आठवतो का, एवढंच विचारायचं होतं. पिंपरीच्या क्वार्टर्समध्ये आपण तेव्हा नवे होतो. बाबा कंपनीत लेथ मशीनवर, मी सातवीत. रविवारी दुपारी कंपनीच्या हॉलला काळे पडदे लावून सिनेमा दाखवायचे. त्या दिवशीच्या सिनेमात जंगलातून एक उंच, मुका माणूस बंगल्यांच्या वसाहतीत राहायला येतो. त्याच्या खांद्यांवर, दंडांवर पानं फुटलेली. लोक त्याच्या सावलीत खुर्च्या टाकतात, त्याच्या हातांवर कपडे वाळत घालतात. मग एका घरातलं मूल तापानं फणफणतं आणि सगळे म्हणतात, ह्याच्यामुळेच. तो निमूट निघून जातो, वाटभर पानं गळत राहतात. हॉलमधल्या बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या. शेजारच्या काकू तर हुंदके देत होत्या. तू रडली नाहीस. तू त्यांच्याकडे बघत होतीस.

घरी येताना तू भराभर चालत होतीस. "बघितलंस का, कशा रडायल्या होत्या? मनानं चांगल्या हायेत गं बाया. आपूनच कदी बोलत नाही." आपण बौद्ध आहोत हे क्वार्टर्समध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. फक्त नळावर आपली कळशी टेकली की शेजारची कळशी जराशी सरकायची. दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. तू खीर केलीस, वेलदोडे कुटून घातलेस, वाटीवर धुतलेला रुमाल टाकलास आणि मला घेऊन काकूंच्या दारात गेलीस.

"अगं बाई, आज सोमवार हाय न्हवं माझा," काकू म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे, पोरं खातील."

तासाभरानं मी नळावर गेले, तर गटाराच्या कडेला खीर ओतलेली. एक कुत्रं चाटतंय. वेलदोड्याचा वास येतोय. मागून तू आलीस. मला वाटलं, आता तू भांडणार. तू कळशीभर पाणी ओतून ती जागा धुतलीस. "मुंग्या होतील," म्हणालीस. मला काकूंचा नाही, तुझाच राग आला.

पुढच्या वर्षी तू पुन्हा वाटी भरलीस. मी दारात आडवी उभी राहिले. "कशाला जातेस? लाज नाही वाटत?" तू हात उगारलास, पण मारलं नाहीस. "त्यो पिच्चरमधला गेला निघून. मला कुठं जायचंय? माझं घर इथंच हाय." मी आले नाही. तिथे काय झालं ते तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी मात्र काकूंच्या नव्या सुनेनं दारात उभं राहून, तुझ्यासमोर, ती खीर खाल्ली. काकू आतून बघत राहिल्या. सून म्हणाली, "मावशी, साखरेऐवजी गूळ घातला असता तर आणखी चांगली झाली असती." तू घरी येऊन हसत सुटलीस. "आता नावं ठेवायल्यात. म्हंजे खाल्ली की!"

ही गोष्ट मी सगळ्यांना सांगते, माय. ऑफिसात, मुलांना, मैत्रिणींना. ऐकणाऱ्यांचे डोळे भरतात, माझं कौतुक होतं, आणि नंतर मला एका जागी बसवत नाही. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून सांगते. मी आता वाकडला राहते, अकराव्या मजल्यावर. राहायला आलो तेव्हा आडनावाची पितळी पाटी करून घेतली होती. सहा वर्षं झाली. ती कपाटात कागदात गुंडाळलेली आहे. दारावर फक्त फ्लॅटचा नंबर आहे. नवऱ्यानं विचारलं की मी म्हणते, ड्रिलवाला मिळत नाही.