क्विन्स फुललं की येईन

हौगांग, सिंगापूर
१६ फेब्रुवारी २०१४

ती. दमयंतीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की तुला ऐकू येईनासं होतं, म्हणून हे पत्र. जुलैत बाळ येणार. नीताला आई नाही, आणि माझी तर मला आठवतही नाही. मला तूच वाढवलंस, तेव्हा आजीची जागा तुझीच. तिकीट मी काढतो, तू फक्त हो म्हण. आणि या खेपेला साताऱ्याच्या बागेला पाणी कोण घालणार, हे विचारू नकोस.

बागेवरून आठवलं. चिनी नववर्षाला नीताने कुंडीतलं क्विन्सचं झुडूप आणलं. पान एकही नाही, पण काळ्या काटक्यांना शेंदरी फुलं अगदी चिकटून बसलेली. आता सगळी गळाली. शेजारच्या मिसेस टॅन म्हणतात, सण संपला की इथे ते टाकूनच देतात. नीताला ते जिवावर आलं, म्हणून कुंडी दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये ठेवली आहे.

उत्तर लवकर पाठव, आणि ते 'हो' असू दे.

तुझा,
प्रबोध


सातारा
३ मार्च २०१४

चि. प्रबोध आणि सौ. नीता यांस,
अ. उ. आ.

मला व्यवस्थित ऐकू येतं. बाळाच्या बातमीने फार आनंद झाला. नीताला म्हणावं, शहाळ्याचं पाणी पी आणि प्रबोधच्या हातचं काही खाऊ नकोस.

येण्याचं म्हणशील, तर माझी एक साधी अट आहे. तुमचं ते क्विन्स तिथेच, तुमच्या दारात, पुन्हा फुलू दे. फुललं की येईन. पुरावा म्हणून फोटो टपालाने पाठव. मी तुम्हाला वाटाण्याच्या अक्षता लावते आहे असं समजू नका. जन्मभर शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईने दुसरी कसली अट घालायची?

तब्येतीला जपा. माझी माया तिथवर पोचतेच, तिला तिकीट लागत नाही.

तुमची,
आत्या


हौगांग
२० एप्रिल २०१४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू महालबाड आहेस! नर्सरीतला माणूस आम्हाला हसला. क्विन्सला फुलायला कडक हिवाळा लागतो, इथे बारा महिने उकाडा. तुला हे माहीत नव्हतं, असं शपथेवर सांग बघू.

पण मीही तुझ्याच हाताखाली वाढलोय. आम्ही त्याला हिवाळा दिला. कुंडीत रोज बर्फ ओतला. रात्री ते आमच्या बेडरूममध्ये एसीखाली आणि आम्ही दोघं दुलईत. मिसेस टॅननी हे पाहून कपाळावर हात मारला. आणि आत्या, चमत्कार! सोबत फोटो जोडला आहे. आता अट पाळ.

खाली नीता लिहिते आहे. राग आलाच तर तो माझ्यावर काढ.

तुझा,
प्रबोध

आत्या, सा. न. फोटो मी काढला. फुलांबद्दल प्रबोधने लिहिलंच आहे, मी काही बोलत नाही. दिवसा मी सगळ्यांना ठीक आहे म्हणून सांगते. पण मला भीती वाटते. तुम्ही याच. — नीता


सातारा
९ मे २०१४

चि. प्रबोध आणि सौ. नीता यांस,
अ. उ. आ.

फोटो भिंग लावून पाहिला. क्विन्सचं फूल काटकीला चिकटून येतं, हे तूच पहिल्या पत्रात लिहिलं होतंस. फोटोतली फुलं पानांच्या टोकांना लोंबताहेत. पण एवढी विद्या काढायचीही गरज पडली नाही. प्रत्येक फुलाच्या मधोमध हिरवा मणी आहे. तुमच्या गणपतीच्या मखरासाठी मीच या फुलांचं तोरण करून पाठवलं होतं. मोती चौकातून कापडी फुलं आणली आणि पिवळे मणी संपले म्हणून हिरवे ओवले. मेल्या, बाप्पाचं तोरण कापलंस? आणि लबाडी करायची, तर निदान माझ्याच हातची फुलं मला दाखवू नयेत, एवढंही मी शिकवलं नाही का?

खूप हसले. मग नीताचं खालचं वाचलं आणि हसू गेलं. पोरी, आता माझंही ऐक. बागेचं निमित्त होतं आणि झुडपाचंही. मला विमानाची भीती वाटते. ते सांगायची लाज वाटली, म्हणून झुडपाआड लपले. पण तू तिथे घाबरलेली असताना मी इथे गुलाबांना पाणी घालत बसले, तर मला झोप लागायची नाही. आपण दोघी मिळून घाबरू.

प्रबोध, पासपोर्ट तू मागे करून दिलेला आहेच. जूनचं तिकीट काढ. खिडकीजवळची जागा नको. येताना नवं तोरण आणते, ते कपाटात कुलूप लावून ठेवू.

भेटेपर्यंत लोभ पत्राने, मग कान पिळून.

तुमची,
आत्या

ता. क. कुंडीवरची फुलं काढू नका. मी दारात येईन तेव्हा क्विन्स फुललेलं दिसलं पाहिजे. अट म्हणजे अट.