आजीच्या घरचा इन्व्हर्टर

मुंबई, ३ एप्रिल २००७

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझ्याकडे वीज रोज का जाते? आमच्याकडे जात नाही, म्हणून वर्गात कुणाला खरंच वाटत नाही. बाबा म्हणतात, पंख्याशिवाय मे महिना काढायचा नाही, यंदा औरंगाबाद रद्द. तू त्यांना रागावून पत्र लिही.

तुझी ऋजुता

औरंगाबाद, ९ एप्रिल

चि. ऋजुतास अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबाने दहावीचा अभ्यास याच घरात पंख्याशिवाय केला, हे तो सोयीने विसरला.

वीज ज्वारीसारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. तू बटण दाबलंस की त्याच क्षणी तेवढी वीज केंद्रात तयार व्हावी लागते. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी मला हे सायकलवर शिकवलं. मागे एक मैत्रीण बसली तर जमतं; तिघी बसल्या तर पायडल जड होतं, वेग उतरतो. संध्याकाळी सगळे एकदम दिवे, पंखे, टीव्ही लावतात, तेव्हा केंद्रातली यंत्रं अशीच दमतात. वेग फार उतरला तर मोडू नयेत म्हणून ती आपोआप बंद होतात. त्यांचा भार उरलेल्यांवर पडतो, मग तीही बंद, आणि सगळा मुलूख अंधारात. ते टाळायला काही जणींना पाळीने खाली उतरवतात. हेच भारनियमन. पाळी नेहमी आमचीच का, आणि मुंबईकरणी सीटवरच कशा, हे विचारायला मी वीज कार्यालयात गेले. साहेब जेवायला गेले ते आलेच नाहीत.

बाबाला सांग, मी इन्व्हर्टर बसवला. वीज असताना त्याची बॅटरी भरते, गेली की एक पंखा, एक दिवा चालतो. आता कारण उरलं नाही. तिकिटं काढा.

तुझी आजी

मुंबई, १७ एप्रिल

ती. आजीस सा. न.

सायकल वर्गाला कळली. पण बाबांनी माझं नाव पोहण्याच्या शिबिरात घातलंय. दिवाळीला बघू, म्हणाले. मी रडले, हे त्यांना कळवू नकोस.

तुझी ऋजुता

औरंगाबाद, २४ एप्रिल

चि. ऋजुतास आशीर्वाद.

पोहायला शीक. तुझ्या बाबाला पाण्याची भीती होती, उकाड्याची नव्हती.

इकडे संध्याकाळी वीज गेली की सगळी गल्ली ओट्यांवर येते. शेजारची अमिना सुपारी कातरत माझ्याच ओट्यावर बसायची. इन्व्हर्टर आल्यापासून येत नाही. बाईंच्या घरी लाइट है, त्यांना कशाला उठवायचं, असं ती समोरच्या भागूबाईला म्हणाली. मी पंख्याखाली बसून त्यांचं हसणं ऐकते.

काल वीज गेल्यावर मी इन्व्हर्टर बंद केला, तिच्या ओट्याशी गेले आणि बिघडला म्हणून सांगितलं. तिने लगेच सरकून जागा दिली. तिच्या वायरमन पुतण्यालाही निरोप धाडला. तो पुढच्या आठवड्यात दुरुस्तीला येतोय. काय बिघडलंय म्हणून त्याला सांगायचं, ते बाबाला विचारून कळव.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुझी आजी
द्वारका