बैलांना मुंडावळ्या

२० मे १९४६, सोमवार
पलटणीतून नाईक म्हणून सुटून येऊन तीन महिने झाले. आज पहिल्यांदा वाटलं, आपलं गावात काही काम आहे.
हरण्याचा डावा डोळा गळतोय. पापणी मिटलेली, उजेडाकडं तोंड करत नाही. बुबुळाच्या मधोमध बाजरीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. हरण्या म्हणजे आमच्या थोरल्या दादाचा खिलार वळू. आठ दिवसांचा असताना गाय गेली, तेव्हापासून दादानं त्याला बोटानं दूध पाजून वाढवलाय. वहिनी म्हणते, ह्यांचं पहिलं लेकरू तेच.
सकाळी तानूआत्या आली. वडिलांची बहीण, अन् गावातल्या गुरांच्या डोळ्यांची वैद्य. तोंडात मीठ-पाणी घोळवून हरण्याच्या डोळ्यात चूळ मारली. हरण्यानं तिला शिंगावर घ्यायचंच बाकी ठेवलं. म्हटलं, "आत्या, हे आता बंद."
"तू खेचरं राखलीस रं. ह्यो बैल हाय."

२२ मे
गावात आणखी पाच जनावरांचे डोळे आले. लोक म्हणतात ऊन बाधलं. ऊन कसलं, लागण आहे. पलटणीत खेचरांच्या कंपनीत चार वर्षं हेच पाहिलं.
मिरजेला जाऊन गुरांच्या दवाखान्यातून बोरिक पावडर अन् पिवळं मलम आणलं. डॉक्टर एकटा, गावं पन्नास. म्हणाला, तुम्ही पलटणीतले, तुम्हीच बघा. छाती वीतभर फुगली, खोटं कशाला लिहू.
उद्यापासून रोज सकाळी सातला चावडीपुढं सगळ्या गुरांची परेड. आजारी असो नसो. हजेरी वहीत.

२५ मे
परेड फक्कड. दोन रांगा. बोरिकच्या पाण्याची बादली, पलटणीतला पांढरा टॉवेल, पहिल्या बैलापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांचे डोळे स्वतः पुसले. बायका दारातून बघत होत्या.
फक्त ग्यानू नाही. माळावरच्या वस्तीवर राहतो, गावाशी फटकून. निरोप धाडला तर उलटा निरोप आला, "माजी बैलं काय लढाईवर जायाचीत?" वहीत तीन दिवस 'गैरहजर' लिहिलंय. चावडीवर सगळ्यांदेखत म्हटलं, त्याचे बैल आंधळे झाले तर माझ्याकडं येऊ नये.

३० मे
काय चुकतंय? रोज नव्या गुरांचे डोळे येतायत. आज हरण्याचा उजवाही. गोठ्यात गेलो तर गव्हाणीला डोकं आपटत होता. वैरण पुढ्यात असून सापडेना.
दुपारी हेडी, जनावरांचा दलाल, दारात. ह्या लोकांना वास कुठून येतो कोण जाणे. "एक डोळा गेलेला वळू खपतो, पाटील. दोन्ही गेल्यावर कसायाशिवाय कोन इचारत न्हाई." दादानं त्याला काठी दाखवून हाकलला. पण मग अंगणात तसाच उभा राहिला. जेवायला बोलावलं तर माझ्याकडं न बघता म्हणाला, "बापू, तू हाईस म्हनून मी आत्याला न्हाई म्हनलं."

२ जून
ग्यानूला झापायला म्हणून वस्तीवर गेलो. त्याची सातही गुरं दावणीला. एकेकाचे डोळे उघडून पाहिले. स्वच्छ, काळेभोर. ऊन तेच, धूळ तीच, माश्याही त्याच.
"बघा बघा," म्हणाला, "गैरहजर हाईत समदी."
परतताना वाटेत बाभळीखाली बसून वही उघडली. ज्यांची हजेरी पुरी, त्यांच्या दावणीला दुखणं. ज्यांनी दांड्या मारल्या, त्यांची गुरं ठीक.
एकच बादली. एकच टॉवेल. पुसणारा एकच शहाणा.
कंपनीत दर खेचराचं फडकं निराळं होतं, नंबर घातलेलं. ती फडकी चार वर्षं मीच मोजून घ्यायचो. तिथं ती भांडारातून यायची, म्हणून ती का असतात याचा विचार कधी केला नाही. इथं मला रांग पाहिजे होती. रांग सरळ आली, तेवढ्यावर खूष होतो. हरण्याचा उजवा डोळा मी बिघडवला.
घरी जावंसं वाटेना.

३ जून
चावडीवर सांगून टाकलं. उभं राहून, वही हातात धरून. लागण मी फिरवली.
आधी तानूआत्या बोलली, "माजी चूळ एका डोळ्यात जायाची. तुजं फडकं गावभर हिंडलं."
दादा उठून चालता झाला.
मला वाटलं आता सगळेच उठतील. तर मागून ग्यानू (हा कधी आला?) म्हणाला, "आता काय करायचं ते तर सांगा नाईक. आपली चूक चावडीवर बोलनारा वैद्य मी आज पयल्यांदा बघतोय."

४ जून
परेड बंद. वहीतलं हजेरीचं पान फाडणार नाही, राहू दे.
आता असं. ज्याची गुरं त्यानंच पुसायची. पाणी उकळून निववलेलं, त्यात चिमूटभर मीठ. जुन्या लुगड्याचा तुकडा, एका डोळ्याला एक, पुसला की चुलीत. दुसऱ्या गुराला हात लावण्याआधी हात धुवायचे. आजारी गुरं वेगळी बांधायची, अंधारात, बादलीही वेगळी. शेण रोज उकिरड्यावर, लांब.
काहींनी माश्यांसाठी आजारी गुरांपुढंच कडुलिंबाचा धूर केला. गुरं जास्तच रडायला लागली. धूर बंद करवला.
दादा हरण्याचं सगळं करतो. मी सांगतो तसंच करतो. बोलत मात्र नाही.

८ जून
बाकी सगळं जमलं, माश्या जमत नाहीत. ह्या डोळ्यावरनं त्या डोळ्यावर. माझ्या टॉवेलाची धाकटी भावंडं.
खेचरांच्या कपाळाला दोऱ्यांची झालर असायची. मान हलली की माशी उठते. पण वळणार कोण? बैलाच्या तोंडावरची म्होरकी वळावी तर तानूआत्यानंच. गेलो. पुढ्यात अंबाडीचे दोरे ठेवून बसलो.
"आता फडक्यावरनं दोऱ्यावर आलास व्हय?"
"चुकलो, आत्या."
सुपारी कातरून तोंडात टाकली. मग दोरे हातात घेऊन, "ह्ये डोळ्यात टोचल रं. सूत पायजे, मऊ. आन् बुबुळाच्या वरच संपाय पायजे." हे मला सुचलं नव्हतं.
निघताना भीत भीत विचारलं, अन् चूळ?
"मिठाचं पानी तर तूबी घालतोस. माजं मीठ खरं व्हतं. त्वांडच नडलं."

१४ जून
पहिल्या वीस झालरी बांधल्या. गावाला हसू आवरेना. पाणवठ्यावरच्या बायका ओरडल्या, "आवं नाईक, समद्या बैलास्नी मुंडावळ्या! नवऱ्या कुठल्या गावच्या?" वहिनी हसून हसून खाली बसली.
हसू देत. माशी बसत नाही.

२२ जून
आठ दिवसांत एकही नवीन गूर नाही! एकही नाही!!
हरण्यानं उजवा डोळा उघडला. बुबुळ कडेकडेनं निवळत आत चाललंय. गव्हाणीतली वैरण बघून खाल्ली, आपटला नाही. मी गोठ्यातच टाळ्या पिटल्या, तो बुजला.
डावा मात्र मोठं पांढरं फूल धरून बसलाय.

३ जुलै
शेजारच्या दोन गावांची माणसं झालरी मागायला. आत्याच्या ओसरीवर चार बायका सूत वळतात. ती आता माझ्यापेक्षा कडक. कुणी झालर दुसऱ्या बैलाला उसनी दिली की तोंड सोडते, "आपला डोळा दुसऱ्याला देशील का?"
तो हेडीही आला, स्वतःच्या बैलांसाठी. आत्या म्हणाली, "देते. आदी जा, हरण्याच्या पाया पडून ये." गेला की बिचारा!

१२ जुलै, बेंदूर
असा बेंदूर झाला नव्हता. शिंगं रंगवलेली, झुली, अन् सगळ्यांच्या कपाळावर झालरी. बायकांनी त्याही रंगवल्या, हळदीच्या, कुंकवाच्या. आता कोणी हसत नव्हतं.
दरवर्षी वेशीतल्या एकाच दगडी डोणीत सगळे बैल पाणी पितात. काल चावडीवर म्हटलं, यंदा नको, ज्याची त्याची बादली. वाटलं होतं, रीत मोडली म्हणून भांडतील. पहिली बादली घेऊन ग्यानू आला. माळावरचा माणूस, वर्षानुवर्षं बेंदराला गावात उतरला नव्हता.
वहिनी ओवाळायला आली. हरण्याच्या डोळ्याला पाणी दिसलं, सवयीनं पदर उचलला. आत्या लांबून कडाडली, "पदर लावशील तर बघ!" वाजंत्री थांबली. अख्खी वेस हसली.
मिरवणूक निघताना दादानं हरण्याचा कासरा माझ्या हातात दिला. मानाचा कासरा, त्यानं आजवर कुणाला धरू दिला नाही. "बापू, तू धर. मी मागनं येतो." चाळीस दिवसांनी बोलला. मी ढसाढसा रडलो. पलटणीतला नाईक, भर मिरवणुकीत. लाज वाटली नाही.

१५ जुलै
डाव्या डोळ्याचं फूल पातळ झाल्यासारखं वाटतं. मधे एक निळसर फट. सकाळी दादानं त्यापुढं हात हलवला, पापणी मिटली. "दिसलं त्याला!"
म्हटलं, दादा, हाताचा वारा लागला असेल.
कंपनीत एक युक्ती होती. कापसाची पिंजलेली वात वरून सोडायची. तिला ना वारा, ना आवाज, ना वास. जनावरानं नजर फिरवली तर दिसतं.
आत्यानं कापूस पिंजून दिला. वहिनीनं हरण्याचा उजवा डोळा हातानं झाकला. दादा समोर उकिडवा बसला. मी वात सोडली. हरण्या ढिम्म. दुसरी सोडली. ढिम्म.
तिसरी सोडली तेव्हा कान हलला. नुसता कान, का मानही थोडी वळली? वहिनी म्हणते वळली. आत्या म्हणते माशी होती. मला विचाराल तर मी दादाकडं बघत होतो.
दादा उठला नाही. खाली पडलेल्या तिन्ही वाती वेचून माझ्या हातात दिल्या.
"परत सोड," म्हणाला.